अठरा इंचांचं घर

शनिवार, ३ जून

बायकोचं उजवं मनगट मोडलं. काल दुपारी पोटमाळ्यावरून चिंध्यांची पेटी काढताना स्टुलावरून पडली. (ती त्यांना ‘कापडं’ म्हणते. सव्वीस वर्षांत या एका शब्दावर आमचं एकमत झालेलं नाही.) सहा आठवडे प्लास्टर.

हाताचं तिला फारसं वाटलेलं दिसत नाही. गोधडीचं वाटतंय. तिचा चार बायकांचा गोधडीचा गट आहे. दर मंगळवारी दुपारी बेकरीच्या मागच्या खोलीत जमतात. सध्या तिथे छोट्या गोधड्या चालल्या आहेत. प्रत्येकीची एक, अठरा इंच बाय अठरा इंच, विषय ‘गमतीचं घर’. अठ्ठावीस तारखेला त्या एका हस्तकला शाळेकडे जायच्या. जिची पसंत पडेल तिला शाळा सहा महिने शिकवायला बोलावणार. राहायची सोय त्यांचीच. दुसऱ्या शहरात.

हे मला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं म्हणे. असेल. मी पेपर वाचत असणार.

"टाके गटातल्या कुणीही घातले तरी चालतात," ती म्हणाली. "चित्र आणि रंग तेवढे जिचे तिचे हवेत. पण त्या तिघींच्या हातात आपापलं काम आहे. माझं कोण करणार?"

मी म्हटलं, "मी करतो. मला घ्या गटात."

ती प्लास्टरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, राहू दे."

संकोची स्वभाव. तीस वर्षं मी कचेरीत घरांचे नकाशे काढतोय. दोनेक हजार घरं माझ्या पेन्सिलीखालून गेली असतील. अठरा इंचांचं घर म्हणजे माझ्या हातचा मळ.

निवड झाली तर जाणार का, हे मी विचारलं नाही. एवढ्या लांब ती एकटी जायची नाही, हे मला ठाऊक आहे.

रविवार, ४ जून

तिनं काढलेलं चित्र घेऊन बसलो. हसावं की रडावं कळेना. सगळं घर डावीकडे कललेलं. जांभळं दार. दोरीवर कपड्यांऐवजी मासे वाळत घातलेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाड बाहेर आलंय. भिंतीला बाहेरून एक जिना, तो अर्ध्यात हवेतच संपतो. आणि छपरावर एक डबा, त्याला गोल भोक.

डबा म्हणजे पाण्याची टाकी असणार हे मी ओळखलं. पण टाकीला पाइप नाही, झाकण नाही. एकंदर चौदा चुका निघाल्या. घर सरळ केलं. जिना काढून टाकला, कारण तो कुठेच जात नव्हता. माशांच्या जागी टॉवेल टांगले. टाकीला झाकण दिलं आणि पाइप खाली मोरीपर्यंत आणला. जांभळं दार राहू दिलं. गंमत म्हणून एवढं चालेल.

ती झोपली होती, उठवलं नाही. पूर्ण झाल्यावर एकदमच दाखवीन. तिचा कागद फायलीत घालून ठेवला आणि वर ‘जुना’ असं लिहिलं.

मंगळवार, ६ जून

कचेरीतून अर्धी रजा घेऊन गटात गेलो. खोलीत लांब टेबल, भिंतीशी पिठाची पोती, आणि पलीकडच्या भट्टीची ऊब. पहिल्या पाच मिनिटांत कोटावर पांढरे डाग.

प्रमुख बाई निवृत्त परिचारिका. ऑपरेशनच्या खोलीत आयुष्य गेलं, त्यामुळे कात्री हवी असली की नुसता हात पुढे करते आणि समोरच्यानं ती हातात ठेवायची. मी मनातल्या मनात तिचं नाव मुकादम ठेवलं. पुढे कळलं की सगळे तिला मुकादमच म्हणतात, तेही तोंडावर. दुसरी दातांची डॉक्टर. बोलताना ती माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघते. मी हसायचं कमी केलं. तिसरी बेकरीची मालकीण, तिला फक्त लोकांनी खावं असं वाटतं.

मुकादमच्या घराला चार चाकं आहेत. डॉक्टरच्या घराचं कुंपण दातांचं, मधली एक दाढ किडकी. बेकरीवालीचं घर पावाचं आहे आणि एका कोपऱ्यातून कुणीतरी घास घेतलाय.

मी माझा नकाशा टेबलावर पसरला. तिघींनी एकमेकींकडे बघितलं. मला वाटतं, जरा दबून गेल्या.

"हे तिनंच काढलंय?" मुकादमनं विचारलं.

"तिचंच. मी फक्त साफ केलं."

"साफ," मुकादम म्हणाली, आणि मला सुई दिली. "भाऊजी, अंगुस्तान घाला बोटात."

"नाही लागत मला."

अर्ध्या तासात पांढऱ्या कापडावर रक्ताचे तीन थेंब. डॉक्टर म्हणाली, "थुंकी लावा. डाग निघेल."

"कुणाची?"

"तुमचीच. ज्याचं रक्त त्याचीच लागते. माझी मागू नका."

खरंच निघाला. धावदोरा मात्र मला एका बैठकीत आला. इंचात आठ टाके, पट्टीनं मोजले. बेकरीवाली म्हणाली, छापल्यासारखे आहेत. हे कौतुक होतं.

शुक्रवार, ९ जून

कापड कापलं. कचेरीतली स्टीलची पट्टी आणि ब्लेड वापरलं, कात्रीवर माझा विश्वास नाही. नऊ उभ्या पट्ट्या, प्रत्येकी बरोबर दोन इंच. नऊ दुणे अठरा. त्या जोडल्या की घर उभं. जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी बसून शिवतोय. शेजारचा कारकून म्हणाला, "साहेबांनी बघितलं तर?" मी म्हटलं, नकाशाच आहे, फक्त कापडावर.

बायकोला अजून काही दाखवलेलं नाही. ती रोज विचारते, "कुठवर आलं?" मी म्हणतो, "पायाच्या वर." ती हसते.

मंगळवार, १३ जून

नऊच्या नऊ पट्ट्या जोडून घर टेबलावर ठेवलं. सगळं काटकोनात. मुकादमनं टेप लावली. चौदा इंच.

तिनं टेप परत लावली. चौदाच.

"भाऊजी, माया किती सोडली होती?"

"कसली माया?"

मग डॉक्टरनं तोंडावर रुमाल धरला आणि बेकरीवाली काही आणायला म्हणून बाहेर पळाली.

मुकादमनं पट्टीची कड उलटी करून दाखवली. दोन तुकडे जोडताना दोन्हीकडून पावपाव इंच कापड आत दुमडतं. कापताना ते जास्तीचं धरायचं असतं. त्याला शिवणात माया म्हणतात. आठ जोड, प्रत्येक जोडात अर्धा इंच गेला. चार इंच. हिशेब मलाही येतो, पण तो मला आधी कुणी सांगायला हवा होता.

"माप बरोबर होतं," मी म्हटलं.

"माप बरोबरच आहे. माया नाही."

"घरांच्या नकाशातही मोकळी जागा सोडतात. चारी बाजूंनी. कायदाच आहे तसा. तिला कुणी माया म्हणत नाही."

"म्हणून लोक शेजाऱ्यांशी भांडतात," डॉक्टर रुमालाआडून म्हणाली.

मी विचारलं, उसवून थोडं सैल करता येईल का. मुकादम म्हणाली, "मायाच नाही, तर सैल कुठनं करू?" मग जरा हळू आवाजात, "नवीन कापावं लागेल, भाऊजी. तिला दाखवा आधी. पंधरा दिवस आहेत अजून."

शब्दाचा मला राग आला. गणितातली चूक असती तर गणितातला शब्द वापरावा.

बुधवार, १४ जून

दाखवलं. चूक माझ्या बाजूनं चार इंचांची आहे, बाकी काम चोख आहे, असं आधीच सांगून टाकलं.

तिनं डाव्या हातानं घर गुडघ्यावर घेतलं. बराच वेळ बघितलं. "टाके छान आहेत," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझी खोली कुठाय?"

"कुठली खोली?"

"वरची. गोल खिडकीची."

"ती टाकी आहे."

ती हसायला लागली. इतकी हसली की प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं धरावा लागला. मीही हसलो. मग ती थांबली, मी जरा उशिरा थांबलो.

"अहो, ती माझी खोली होती," ती म्हणाली. "आणि हे चित्र माझं नाही. नियम आहे, चित्र जिचं तिचंच हवं. हे असंच पाठवायचं तर सही तुमची करा. जा तुम्हीच सहा महिने शिकवायला."

आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. दार लावून घेतलं. मनगट ठणकत असणार. गोळी नेऊन दिली, तर म्हणाली, दुखत नाहीये.

मग दार कशाला लावायचं?

शुक्रवार, १६ जून

घरात बोलणं बेताचं. जेवलात का, हो. दिवा घालवा, घालवला.

कचेरीत एक जोडपं आलं, नवीन घराचा नकाशा हवा होता. नवरा खुर्चीत, बायको मागे उभी. नवरा सांगत होता, मी काढत होतो. मध्येच ती बाई म्हणाली, "ओट्यासमोर खिडकी होईल का? रस्ता दिसेल अशी?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नेहमी तसंच करतो. त्यानं मान हलवली, नको. मी पेन्सिल पुढे नेली. आणि मग काय झालं कोण जाणे, मी त्या बाईला विचारलं, "किती रुंद हवी?"

नवरा चिडला. साहेबांनी आत बोलावून विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, ठणठणीत आहे. खिडकी साडेतीन फुटांची काढली. भिंत पेलते तेवढं.

शनिवार, १७ जून

मीच विषय काढला. "नवीन कापड काढू का?"

"काढा."

पोटमाळ्यावरची पेटी काढायला त्याच स्टुलावर चढलो. स्टूल डगमगतं. एक पाय आखूड आहे. म्हटलं, "हे कुणी सांगितलं का नाही मला?"

"दोन वर्षं सांगतेय," ती म्हणाली.

फायलीतून तिचा कागद काढून दिला. वर ‘जुना’ लिहिलेलं तिनं वाचलं. मी खोडरबर दिलं. तिनं माझं अक्षर खोडलं नाही, पेन घेऊन डाव्या हातानं वाकड्यातिकड्या अक्षरांत पुढे ‘माझा’ असं लिहिलं.

मंगळवार, २० जून

आज ती बरोबर आली. गळ्यात हाताची झोळी, पेटी माझ्या खांद्यावर. तिघींनी तिला खुर्चीत बसवलं आणि मला तिच्या उजव्या बाजूला. "उजवा हात उजवीकडेच बसू दे," मुकादम म्हणाली. म्हणजे मी.

ती सांगते, मी कापतो. पावपाव इंच माया धरून, हे मी आता न सांगता करतो. पण वाकडं कापणं फार अवघड आहे. तीस वर्षं सरळ रेघ मारलेल्या हाताला वाकडं जमत नाही.

"अजून कलू दे," ती म्हणते.

"पडेल."

"कापडाचं आहे, अहो."

"तरी. जोर सगळा डाव्या भिंतीवर येतोय."

"येऊ दे तिच्यावर. तिला सवय आहे."

डॉक्टर खुदकन हसली. काय हसण्यासारखं होतं ते मला विचारायचं नव्हतं.

मासे दोरीवर टांगले. खिडकीतून झाड बाहेर काढलं. मग छपरावरची खोली. छोटीशी, पिवळ्या कापडाची, तीन इंचांची. गोल खिडकी कापताना श्वास रोखला होता. आत एक खुर्ची शिवायची होती, तपकिरी कापडाची, बोटाच्या पेराएवढी.

"आणि जिना?" मी विचारलं. "हा वरपर्यंत पोचत नाही."

"मी पोचते."

"कशी?"

"त्या शेवटच्या पायरीवरून उडी मारते. तुम्ही बघितलं नाहीत कधी."

त्यावर चौघींपैकी कुणी हसलं नाही. बेकरीवालीनं गरम बिस्किटांची थाळी मध्ये ठेवली.

खुर्ची शिवून झाल्यावर मी म्हटलं, "एकच?"

"खोली छोटी आहे."

मी माप घेतलं. दुसरी बसते. बोललो नाही.

रविवार, २५ जून

दोन दिवस घरीच शिवतोय, रजा टाकून. वरचा थर, मध्ये पातळ कापूस, खाली अस्तर, सगळं टाचण्यांनी पकडायचं आणि मग तिन्ही थरांतून टाके. ती शेजारी बसून सुईत दोरा ओवते. डाव्या हातानं, सुई टेबलात खोचून. मी मदत करायला गेलो तर म्हणाली, "तुमचं तुम्ही करा."

मुलीचा फोन आला. तिला सगळं माहीत असतं, तिला कोण सांगतं कळत नाही. "बाबा, आई गेली तर तुम्हाला चालेल ना?"

"आधी निवड तर होऊ दे."

"होणार आहे, बाबा. तुम्ही बघितलंय ना ते?"

बघितलंय. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो, घर फार चांगलं झालंय. असं घर मी उभ्या जन्मात काढलं नसतं. मंजुरीच मिळाली नसती त्याला. पण बघताना वर चढावंसं वाटतं.

आज सकाळी ती आंघोळीला गेली होती. गोधडी माझ्या पुढ्यात, कात्री हातात. कडेच्या पट्टीचा मागचा एक दोरा कापला असता, तर ती पट्टी वाटेतच सुटली असती. शाळेत पोचेपर्यंत घर विस्कटलं असतं. कुणाला कळलं नसतं. तिलाही नाही. मी दोरा बोटानं उचललाही होता.

ठेवला. फार मोठं काही केलं असं नाही. टाके माझे आहेत, आणि माझं काम खराब जाणं मला चालत नाही. एवढंच कारण.

मग त्या जागी दोन टाके जास्त घातले.

बुधवार, २८ जून

चारही गोधड्या बेकरीच्या एका खोक्यात बांधून रवाना. अर्जावर ‘कल्पना व रंग’ या ओळीपुढे तिनं सही केली, डाव्या हातानं, पाच मिनिटं लागली. ‘शिवणकाम’ या ओळीपुढे तिनं माझं नाव लिहायला सांगितलं. मी म्हटलं, "गटाचं लिही." मुकादम म्हणाली, "भाऊजी, लाजताय काय? मुलगी बघायला आल्यासारखे." लिहिलं.

घरी येताना तिनं विचारलं, "निवड झाली तर मी गेले तर चालेल का, असं मी विचारणार नाहीये. चालेल ना?"

"विचारलंच नाहीस तर उत्तर कसलं देऊ?"

"म्हणूनच विचारलं नाही."

बायकांचं बोलणं मला कधी कळलं नाही, पण आज ती माझ्या उजव्या बाजूनं, चांगला हात माझ्याकडे ठेवून चालत होती.

गुरुवार, २० जुलै

प्लास्टर निघून आठवडा झाला. हात बारीक झालाय. ती दिवसभर रबराचा चेंडू दाबत असते.

दुपारी पत्र आलं. तिची निवड. ‘परीक्षकांना छपरावरची खोली विशेष आवडली.’ जिन्याबद्दल अवाक्षर नाही. परीक्षकांत बांधकामातलं कुणी नसावं.

तिनं पत्र दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"जाणार?"

"जाणार."

"सहा महिने?"

"एक ऑगस्टपासून. सहा महिने."

"आणि मी?"

तिनं विचार केला. खरोखर केला, मी बघत होतो. "तुम्हाला चहा येतो. अंडं येतं. आता टाकेही येतात. मी रविवारी फोन करीन. तुम्ही उचलायचा आणि पेपर खाली ठेवायचा."

मी म्हटलं, "ठेवीन." तिनं मान डोलावली, पाहुण्याला सामान कुठे ठेवायचं ते दाखवल्यासारखी.

संध्याकाळी मुकादम बेकरीतून पावाची लादी घेऊन आली. दारातच म्हणाली, "माझ्या घराला चाकं होती, तरी माझं हललं नाही बघा." आणि बायकोला मिठी मारून रडली. चाळीस वर्षं ऑपरेशनं बघितलेली बाई. मी आत जाऊन उगाच भांडी आवरली.

मंगळवार, १ ऑगस्ट

सकाळी दहाची बस. तिच्या दोन पेट्या. एकीत कपडे, दुसरीत कापडं.

खिडकीची जागा मिळाली तिला. मला वाटलं होतं, बस सुटताना ती वळून बघेल. मी हात अर्धा वर करून ठेवला होता. पण ती पुढे बघत होती, काचेतून, ड्रायव्हरच्या खांद्यावरून, रस्ता जिकडे जातो तिकडे. मान किंचित वर. तिचा असा चेहरा मी यापूर्वी बघितलेला नाही. की बघितला असेल आणि मी पेपर वाचत असेन.

कचेरीत गेलो नाही. दुपारी पाय बेकरीकडे वळले. मागच्या खोलीत तिघी होत्या, खुर्ची रिकामी होती. मी दारातच उभा राहिलो, कारण आता मी कुणाचा उजवा हात नव्हतो आणि काही निमित्तही नव्हतं.

मुकादमनं वर न बघता विचारलं, "काय शिवणार, भाऊजी?"

सवयीनं मी खिशातली पेन्सिल चाचपली.

"ठरलं नाही," मी म्हटलं.

"मग बसा," ती म्हणाली, आणि कापडांचा ढीग माझ्याकडे सरकवला.